मुलांची शिबिरे आणि परवाना

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण लागते आणि पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दृष्टीस पडतो. पनवेल तालुक्याचा हा टापू शिबिरांना फार मानवला आहे. मुंबई जवळ, डोंगर जवळ, पाणी मुबलक. ताऱ्याचे युसुफ मेहरअली सेंटर असो वा नेऱ्याचे शांतिवन, मुलांनी चार दिवस घरापासून दूर राहावे, स्वतःचे ताट स्वतः घासावे, या हेतूने येथे किती पिढ्या येऊन गेल्या असतील याची गणती नाही. आपल्या धर्मग्रामांतील मुलांचीही या डोंगरांशी ओळख आहे. शिबिर म्हटले की हल्ली पहिला प्रश्न निघतो तो परवानगीचा. ही परवानगी आली कोठून, हे पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सरकारला आधी शिबिराची भीती वाटली. शिबिरातल्या मुलाची काळजी त्याला फार उशिरा वाटू लागली.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 1845 साली त्यांचा जन्म झाला. 1818 मध्ये इंग्रजांनी कर्नाळा घेतला तेव्हा त्यांचे आजोबा त्या गडाचे किल्लेदार होते. नातवाने पुण्याच्या आसपास तरुण जमवले, त्यांना शस्त्रे शिकवली आणि 1879 साली बंड केले. तरुण पोरे गावाबाहेर एकत्र राहतात, पहाटे उठतात, रांगेत चालतात, हे दृश्य त्यानंतर कोणत्याही इंग्रज अधिकाऱ्याला निर्मळ वाटले नसेल, असे आम्ही समजतो.

बेडन पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरवले. त्यांना लागली ती बेटाच्या मालकाची संमती आणि आईबापांचा होकार. दोन वर्षांत ती चळवळ हिंदुस्थानात पोहोचली, पण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. देशी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणून मालवीय, कुंझरू आणि वाजपेयी यांनी 1918 साली सेवा समितीची स्वतंत्र बालवीर संघटना उभी केली. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, 1940 च्या ऑगस्टमध्ये, सरकारने खासगी स्वयंसेवक दलांच्या लष्करी धर्तीच्या कवायतीवर आणि गणवेषावर बंदी घातली. मुले नदीत बुडतील काय, उपाशी राहतील काय, याची विचारपूस त्या हुकमात नव्हती. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी, 1941 च्या जूनमध्ये, राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले आणि शिबिर हा त्याचा प्राणच झाला.

स्वातंत्र्यानंतर ही भीती ओसरली. तिच्या जागी काही आले नाही, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. गुरुजी चांगले आहेत, संस्था ओळखीची आहे, एवढ्यावर आईबाप मुले सोपवीत. 1968 साली कर्नाळा पक्षी अभयारण्य झाले आणि 1972 चा वन्यजीव कायदा आला, तेव्हा तेथे शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक ठरली. पण ती पाखरांच्या रक्षणासाठी. पाखरांना मुलांच्या आधी कायदा मिळाला, असे कोणी म्हटले तर त्याला अतिशयोक्ती म्हणता येणार नाही.

मुलाच्या जिवासाठी शिबिराला परवाना ही कल्पना स्पष्टपणे दिसते ती इंग्लंडात, आणि तिची किंमत चार मुलांनी मोजली. 22 मार्च 1993 रोजी प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले लाइम बे येथे लहान होड्यांतून समुद्रात गेली. सोबत एक शिक्षक आणि केंद्राचे दोन प्रशिक्षक होते. वारा वाढला, होड्या उलटल्या, किनारा दूर गेला. मदतीची हाक द्यायलाच काही तास गेले. त्या गार पाण्यात चौघे गेले. चौकशीत जे बाहेर आले ते त्या लाटांहून भयंकर होते. आदल्या वर्षी त्याच केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी मालकाला पत्र लिहून सुरक्षेतील उणिवा कळवल्या होत्या आणि नोकरी सोडली होती. पत्र वाचले गेले, पण बदल झाला नाही. 1994 साली चालक आणि त्याची कंपनी दोघेही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. 1995 मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि अठरा वर्षांखालील मुलांना चढाई, गुहा, पाणी किंवा रानवाटा यांचा अनुभव पैसे घेऊन देणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. मात्र स्वतःच्या विद्यार्थ्यांना नेणारी शाळा आणि स्वतःच्या सभासदांना नेणारी स्वयंसेवी संस्था यांना त्यातून वगळले. हे वगळणे आम्हाला पटत नाही. पाणी कोणाची पावती पाहत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आईबापांनीच न्यायालयात नेला. हिमालयातील मोहिमेत मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. शासनाने 26 जून 2014 रोजी साहसी उपक्रमांविषयी निर्णय काढला. गिर्यारोहण संस्थांनी त्याला हरकत घेतली. अटी कागदावर बऱ्या पण डोंगरावर अशक्य, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते, कारण परवाना इतका जड झाला की प्रामाणिक माणूस शिबिर बंद करतो आणि बेफिकीर माणूस बिनपरवाना चालू ठेवतो. हा वाद चालू असतानाच 1 फेब्रुवारी 2016 रोजी आमच्याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या समुद्रात, पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 26 जुलै 2018 रोजी सुधारित निर्णय आला आणि 24 ऑगस्ट 2021 रोजी राज्याचे साहसी पर्यटन धोरण जाहीर होऊन आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक झाली.

पनवेलला दुसराही धडा मिळाला, आणि तो डोंगराचा नव्हता. कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या एका वसतिगृहातील अत्याचार उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून 2011 साली उघड झाले. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने चालकासह अनेकांना दोषी ठरवले. जेथे बाहेरचा डोळा पोहोचत नाही तेथे काय घडू शकते, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज उरली नाही. पुढे 2015 च्या बालन्याय कायद्याने निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला सहा महिन्यांत नोंदणी बंधनकारक केली आणि ती न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड ठेवला. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांस न देणे हा तर 2012 च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि त्यात धर्मगुरू, शिक्षक, स्वयंसेवक असा भेद नाही.

असे असूनही पाच दिवसांच्या साध्या निवासी शिबिरासाठी आजही एकच एक परवाना नाही. दोर आणि होडी असेल तर पर्यटन संचालनालय, अभयारण्यात जायचे तर वनखाते, मैदानात कर्णा लावायचा तर पोलीस, जेवणाचा ठेका दिला तर ठेकेदाराची अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी. पावसाळ्यात गाढेश्वरसारख्या धरणांवर जाण्यास मनाई करणारे हुकूम निघतात, तेही पाहावे लागतात. मुलांबरोबर रात्री कोण झोपणार, त्या माणसाची पूर्वपीठिका कोणी तपासली, आणि मध्यरात्री ताप चढला तर पनवेलच्या इस्पितळापर्यंत गाडी कोण नेणार, हे मात्र यांपैकी कोणत्याही खिडकीवर विचारले जात नाही. ते पालकांनी विचारावे, आणि आयोजकांनी उत्तर लेखी द्यावे.