सेल्फ, चावी आणि न बदललेला नंबर

आजच्या भागाचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. सकाळी निघायची घाई असते आणि गाडी स्टार्ट होत नाही. चार वेळा चावी फिरवली, ढिम्म. पाचव्यांदा, जसं काही झालंच नव्हतं, अशी चालू. गॅरेजला न्या, तिथे पहिल्याच फटक्यात चालू. मेकॅनिक तुमच्याकडे बघतो, तुम्ही गाडीकडे बघता. "परत झालं की घेऊन या," तो म्हणतो. आता परत झालं की ती चालूच होणार नाही, तर आणायची कशी, हे विचारायचं राहूनच जातं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हा प्रकार माझ्या रोजच्या ओळखीचा. पकडायला गेलं की गायब होणाऱ्या बगला आमच्याकडे हायझेनबग म्हणतात. कायमचा बिघाड सोपा असतो, तो पळून जात नाही. अधूनमधून येणारा बिघाड मात्र यंत्राच्या आधी माणसावर शंका घ्यायला लावतो. "तुम्हीच काहीतरी चुकीचं करत असाल." या एका वाक्याने काय काय झालं, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये विचारतात, "सेल्फ मारतोय का?" हा 'सेल्फ' म्हणजे सेल्फ-स्टार्टर, आणि तो सुमारे 115 वर्षं जुना आहे. त्याआधी गाडीच्या पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवायला लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलंच. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांचा मित्र बायरन कार्टर अशाच झटक्याने जखमी होऊन पुढे वारला आणि म्हणून लेलँडनी हा प्रश्न मनावर घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. तिचे तपशील दर पुस्तकात थोडे बदलतात, पण हँडलने हात मोडायचे हे खरंच.

उत्तर काढलं ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने. हा माणूस आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत होता. गल्ल्याचा ड्रॉवर उघडायला त्याने छोटी विजेची मोटर बसवली होती. बाकीचे म्हणत होते की इंजिन फिरवायचं तर मोटर प्रचंड मोठी लागेल. केटरिंगचं म्हणणं, मोटर दिवसभर थोडीच चालवायची आहे? दोन-चार सेकंद तिच्यावर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळणार नाही. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला. मला हा युक्तिवाद भारी आवडतो. आजही सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका म्हणतात ते याचमुळे.

मात्र सुरुवातीला सेल्फसाठी पायाने दाबायचा खटका किंवा वेगळं बटण असायचं. चावी फिरवली की इग्निशन आणि सेल्फ दोन्ही, ही सोय क्रायस्लरने 1949 च्या गाड्यांमध्ये आणली. तिथून पुढे सगळं एका स्विचमध्ये गेलं. बंद, ॲक्सेसरी, चालू, स्टार्ट, अशा चार जागा. हँडल मारणाऱ्या माणसाला इंजिन हाताला कळायचं: आज जड आहे, आज दाब कमी आहे. चावीवाल्याला काहीच कळत नाही. वायर, रिले, संपर्काचे ठिपके, सगळं डॅशबोर्डच्या मागे.

म्हणून जाणता मेकॅनिक पहिला प्रश्न सेल्फचाच विचारतो. सेल्फच घेत नाही आणि सेल्फ घेतो पण इंजिन पेटत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात बॅटरी, टर्मिनल, स्टार्टर, रिले, चावीचा स्विच. दुसऱ्यात ठिणगी आणि पेट्रोल. अर्धी गाडी या एका प्रश्नात बाजूला होते. पुढचा प्रश्न कधीचा: थंड असताना, गरम असताना, पावसात, की खड्ड्यातून गेल्यावर? नुसतं मीटर लावून भागत नाही. गंजलेल्या टर्मिनलवरसुद्धा बॅटरी शांत असताना साडेबारा व्होल्ट दाखवते, पण सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातात आणि तेव्हाच तो गंज आडवा येतो. त्यामुळे मोजायचं असतं सेल्फ मारतानाच.

गरम-थंडचं एक मोठं उदाहरण फोर्डचं. 1983 पासून पुढे बरीच वर्षं फोर्डने आपल्या लाखो गाड्यांमध्ये ठिणगीचं नियंत्रण करणारं एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवलं, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेला चिकटून. ते तापलं की गाडी रस्त्यात बंद पडायची आणि परत चालू व्हायची नाही. टोइंग करून गॅरेजला पोचेपर्यंत ते गार व्हायचं, आणि गाडी चालू! ग्राहक खोटा, गाडी खरी. शेवटी कॅलिफोर्नियातल्या खटल्यात 2000 साली न्यायाधीशांनी निष्कर्ष काढला की कंपनीला हे माहीत होतं आणि तिने ते सरकारपासून लपवलं. त्यांनी गाड्या परत बोलवायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जनरल मोटर्स, म्हणजे जीएम. 2000 च्या आसपास त्यांच्या छोट्या गाड्यांसाठी चावीचा नवा स्विच तयार होत होता. बनवणारी कंपनी डेल्फी. गंमत बघा, केटरिंगची डेल्को कंपनी पुढे जीएममध्येच गेली होती आणि जीएमचे सुटे भाग बनवणारे विभाग 1999 मध्ये डेल्फी नावाने वेगळे झाले. घराणं एकच.

चावी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना 'टक' होतं ना, ते स्विचमधल्या छोट्या स्प्रिंगमुळे आणि खुंटीमुळे. त्याला किती बळ लागावं हे जीएमने ठरवून दिलं होतं: 15 ते 25 न्यूटन-सेंटीमीटर. डेल्फीचे नमुने त्याच्या बरेच खाली येत होते. त्या स्विचच्या आतल्या विजेच्या भागातही अडचणी येत होत्या. जबाबदार इंजिनिअर रे डिजॉर्जिओ त्याला इतके कंटाळले होते की 2002 च्या एका ईमेलखाली त्यांनी सही करताना स्वतःच्या नावात "या नरकातल्या स्विचला कंटाळलेला" असं घातलं. आणि त्याच वर्षी तो कमी बळाचा स्विच मंजूर झाला.

2003 च्या सॅटर्न आयॉनमध्ये तो बसला. लगेच तक्रारी आल्या. कसल्या? थंडीत गाडी सेल्फच घेत नाही. म्हणजे आपला आजचा विषय, अगदी जसाच्या तसा. डिजॉर्जिओंचं सगळं लक्ष त्या तक्रारीत अडकलं. साहजिकच आहे. गाडी चालू होत नाही ही तक्रार ग्राहक ओरडून सांगतो.

दुसरी तक्रार कमी आवाजाची होती. चालती गाडी मध्येच बंद पडते. गुडघा चावीला लागला, किंवा जड जुडगा खड्ड्यात हिसकला, की चावी 'चालू'वरून 'ॲक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत जाणार. चावी परत फिरवली की गाडी मुकाट्याने स्टार्ट. जीएममध्ये ही 'ग्राहकाच्या सोयीची' बाब म्हणून नोंदली गेली, सुरक्षिततेची नाही. डिसेंबर 2005 मध्ये डीलरांना सूचनापत्र गेलं की बुटक्या चालकांना आणि जड जुडगा वापरणाऱ्यांना सांगा, चावीवरचं ओझं कमी करा. 'गाडी बंद पडते' हे शब्द टाळून 'विद्युतपुरवठा जातो' अशी भाषा वापरली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही ते हे, की चावी ॲक्सेसरीवर गेली की एअरबॅगही बंद होतात. आणि धडक तर अशाच वेळी होणार.

एप्रिल 2006 मध्ये डिजॉर्जिओंनी स्विचमधला बदल मंजूर केला. खुंटी आणि स्प्रिंग थोडी लांब, म्हणजे चावी घट्ट. दोष गेला. मग अडचण काय? भागाचा नंबर बदलला नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर अक्षरशः दचकतो. भागाचं काम बदललं की नंबर बदलायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. कोड बदलला आणि व्हर्जन तेच ठेवलं तर दोन वर्षांनी लॉग वाचणारा माणूस आंधळा होतो. इथे नेमकं तेच झालं. जीएमच्या तपासनिसांना दिसत होतं की एअरबॅग न उघडल्याचे अपघात 2007 पर्यंतच्या मॉडेलमध्ये होतात, 2008 पासून नाहीत. मध्ये काय बदललं? कागद म्हणतो, काही नाही. डिजॉर्जिओही म्हणतात, काही नाही. ही माणसं भंगारात गेलेल्या गाड्यांच्या चाव्या फिरवून बघत होती. बळ मोजायला शेजारच्या दुकानातून मासे तोलायचा ताणकाटा आणला होता. इतक्या मोठ्या कंपनीत! पण खरं सांगू, मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. निदान त्यांनी मोजलं तरी.

कोडं बाहेरच्या माणसाने सोडवलं. मार्च 2010 मध्ये जॉर्जिया राज्यात 29 वर्षांची एक नर्स शेवरले कोबाल्टच्या अपघातात गेली. वाढदिवसाच्या दिवशी. काही दिवस आधी गाडी मध्येच बंद पडते म्हणून तिने ती डीलरकडे दिली होती. त्यांनी इंधनाचा भाग साफ करून परत केली. आई-वडिलांनी दावा लावला आणि वकिलांनी मार्क हूड नावाच्या इंजिनिअरला तो स्विच तपासायला दिला. त्याला बळ कमी दिसत होतं, पण कारण सापडेना. मग त्याने डीलरकडून त्याच नंबरचा नवा स्विच विकत आणला. साधारण तीस डॉलरचा. दोन्ही उघडून शेजारी ठेवले. नंबर तोच, आतली खुंटी वेगळी. 2013 मध्ये शपथेवर विचारलं तेव्हा डिजॉर्जिओ म्हणाले की असा बदल झाल्याचं आपल्याला माहीत नाही. 2014 मध्ये त्यांच्या सहीचा कागदच बाहेर आला.

पुढचं बातम्यांत आलंच. फेब्रुवारी 2014 पासून सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्या नव्या प्रमुख मेरी बारा अमेरिकेच्या संसदेसमोर उभ्या राहिल्या. अँटन व्हालुकस या वकिलाचा सविस्तर चौकशी अहवाल जूनमध्ये आला आणि 15 जणांना काढून टाकलं, त्यात डिजॉर्जिओही होते. भरपाई देणाऱ्या निधीने 124 मृत्यूंचा संबंध या स्विचशी मान्य केला. 2015 मध्ये 90 कोटी डॉलरची तडजोड झाली.

मला वाचताना सगळ्यात जास्त लागलं ते आकड्यांपेक्षा एक प्रकरण. 2004 मध्ये टेक्सासमध्ये 21 वर्षांची एक मुलगी सॅटर्न आयॉन चालवत होती. शेजारी तिचा होणारा नवरा. गाडी अचानक रस्ता सोडून झाडावर गेली, एअरबॅग उघडल्या नाहीत, तो गेला. ब्रेक मारल्याच्या खुणा नव्हत्या. गाडीत दोष असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, मग उरली चालवणारी. 2007 मध्ये तिने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा कबूल केला. आपल्याच हातून तो गेला, असं तीही धरून चालली होती. त्याच वर्षी जीएमकडे त्या अपघाताची माहिती होती आणि स्विचबद्दलच्या तक्रारीही होत्या.

त्याच्या आईला आणि तिला खरं कारण 2014 मध्ये कळलं. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी तिच्यावरचा गुन्हा रद्द केला. अपघाताला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.