लहानपणी सगळ्या लशी झाल्या, मग शाळेत परत सुई कशाला? पालकांसाठी सविस्तर माहिती

पहिली, पाचवी किंवा दहावीतल्या पोराच्या दप्तरातून एखाद्या दिवशी चिठ्ठी निघते, 'उद्या शाळेत लसीकरण आहे.' चिठ्ठी वाचली की बऱ्याच घरांत एकच प्रश्न निघतो, 'लहानपणी सगळ्या लशी झाल्यात की, आता परत कशाला?' मग कुणी त्या दिवशी पोराला रानात नेतं, कुणी मामाच्या गावाला धाडतं. असं करण्याआधी ही माहिती पूर्ण वाचा.

शाळेच्या वयात कोणती लस मिळते?

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे या लशी मोफत आहेत.

• ५ ते ६ वर्षे (साधारण पहिलीचा वर्ग) : डीपीटीचा दुसरा बूस्टर. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन आजारांवर.
• १० वर्षे (साधारण पाचवी) : टीडी. धनुर्वात आणि घटसर्पावर.
• १६ वर्षे (साधारण दहावी) : टीडीचा पुढचा डोस.

पूर्वी १० आणि १६ व्या वर्षी 'टीटी' म्हणजे फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन मिळायचं. आता त्याच सुईत घटसर्पाचं संरक्षणही मिळतं.

परत का द्यावी लागते?

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लशीची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांत डोस मिळतात, दीड वर्षाच्या आसपास पहिला बूस्टर होतो. पोरगं शाळेत जाऊ लागतं तोवर ती ताकद उतरणीला लागलेली असते. नेमकं त्याच वयात ते एका वर्गात तीस-चाळीस मुलांबरोबर बसू लागतं. घटसर्प खोकल्या-शिंकण्यातून पसरतो, घशात पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि हृदयावरही परिणाम करतो. म्हणून शाळेतला डोस म्हणजे जुनं काम परत करणं नव्हे. शेताचा बांध दर काही वर्षांनी भरून घ्यावा लागतो, तसंच हे.

धनुर्वात : इथे दुसऱ्याची लस कामाला येत नाही

बाकी बऱ्याच आजारांत आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तर आपल्यालाही थोडा आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. अनवाणी पायात खिळा घुसला, विळा लागला, काटा मोडला की जखमेतून ते आत जातात. मग जबडा घट्ट बसतो, अंगाला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे गावात शंभर टक्के लसीकरण झालं आणि तुमचं एकच पोर राहिलं, तरी त्याचा धोका तेवढाच राहतो.

गोवर : शंभरातले पाच

गोवराची गोष्ट उलटी आहे. रुग्ण वर्गातून उठून गेला तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना आजार देत असतं. म्हणजे 'दिसलं की घरी ठेवू' म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. असा आजार रोखायला शंभरातल्या साधारण ९५ जणांना दोन्ही डोस झालेले लागतात.

नऊ महिन्यांनंतरच्या पहिल्या डोसने शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच संरक्षण मिळतं. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस असतो. तो चुकवणारी घरं वाढली की फट पडते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला, मुलं दगावली. लस न घेतलेल्या मुलांना त्याचा फटका जास्त बसला.

रुबेला : लस मुलाला, संरक्षण पोटातल्या बाळाला

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुला-मुलींना शाळाशाळांत लस दिली. 'मुलांना कशाला?' असं तेव्हा अनेकांनी विचारलं. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही, हलका ताप आणि पुरळ येऊन जातं. पण घरात आई किंवा काकी गरोदर असेल आणि तिला सुरुवातीच्या महिन्यांत संसर्ग झाला, तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष असं काही होऊ शकतं. म्हणून मुलगा असो की मुलगी, लस दोघांनाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

दिवाळीच्या आसपास गाव सोडलं की मुलाचा डोस हमखास चुकतो. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. लस घेण्यासाठी स्वतःच्याच गावात असावं लागतं असं नाही. कारखान्याजवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती मिळते. कार्ड हरवलं असेल तर आशाताई किंवा सिस्टरला सांगा. डोस राहिला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलाच द्यावा लागतो.

ताप येतो, चक्कर येते, त्याचं काय?

दंड दुखणं, थोडी सूज, एक-दोन दिवस हलका ताप हे नेहमीचं आहे. सुईच्या जागी थंड ओलं फडकं ठेवा. हळद, चुना, तेल काही लावू नका, चोळू नका. एकाला चक्कर आली की रांगेतल्या चार जणांना येते, ते बहुतेक वेळा भीतीने आणि उपाशीपोटी. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते. तिच्यासाठीच लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

त्या दिवशी हे करा

• मुलाला पोटभर खाऊ घालून पाठवा.
• लसीकरणाचं कार्ड द्या.
• जास्त ताप असेल किंवा आधी एखाद्या लशीने मोठा त्रास झाला असेल तर सिस्टरला आधी सांगा. साधी सर्दी असेल तर लस टाळू नका.
• नवीन सुई प्रत्येकासाठी वेगळी उघडतात ना, हे विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.
• घरी आल्यावर जास्त ताप, अंगभर पुरळ किंवा धाप लागली तर लगेच आरोग्य केंद्रात न्या.
• त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर गावातल्या पुढच्या लसीकरण सत्राला घेऊन जा.

देवीचे व्रण आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसतात. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. हे आपोआप झालेलं नाही. घराघरांतून मुलं लशीला गेली म्हणून झालं. दप्तरातली चिठ्ठी निघाली की एवढं आठवा आणि मुलाला शाळेत पाठवा.