तळटीप : ‘भिंगाचा नंबर’

* भिंगाचा नंबर : मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती. चष्म्याच्या नंबराशी तिची गल्लत करू नये. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले भिंग बसवले, तेव्हा ते इतके जोरकस निघाले की रुग्णाला मायनस १८च्याही पुढचा नंबर लागला.

मोठा मायनस नंबर असलेल्यांत अडचण उलटी. एरवी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असलेला डोळा इथे २६च्या पुढे लांबलेला असतो. त्याला कमी शक्तीचे, क्वचित शून्य किंवा मायनस शक्तीचेही भिंग लागते. एसआरके-टीसारखी जुनी सूत्रे मात्र गरजेपेक्षाही दुबळे भिंग सुचवतात आणि जन्मभर मायनस असलेला माणूस प्लस होऊन बसतो. वँग-कोच यांची २०११ची दुरुस्ती आणि बॅरेट यांचे सूत्र हीच चूक कमी करतात. डोळ्याला मागे फुगवटा असेल, तर अल्ट्रासाउंडचे माप फसते. प्रकाशाने मोजणारे यंत्र रुग्णाच्या नजरेच्या रेषेतच लांबी घेते.

शिवाय सवय असते. मायनस १२ची बाई चष्मा काढून, आठ सेंटीमीटरवर सुई धरून दोरा ओवते. म्हणून अनेकदा मुद्दाम मायनस अडीच राखतात : ४० सेंटीमीटरवरचे पुस्तक चष्म्याविना, दूरचे हलक्या चष्म्याने. — संपा.