खाडीकाठची तवारीख : टेंभी नाक्यावरून एक सायकलफेरा

टेंभी नाक्यावरून निघायचे, माजिवडा-बाळकुम करत कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, भिवंडीत चहा घ्यायचा, कोनवरून कल्याणच्या दुर्गाडीला यायचे आणि शीळफाटा, मुंब्रा, कळवा या वाटेने परत ठाण्यात. पन्नासेक किलोमीटरचा हा फेरा आम्ही दोघे-तिघे शिक्षक मित्र महिन्यातून एखाद्या रविवारी करतो. युरोपात लॉयर आणि डॅन्यूब या नद्यांच्या काठाने एकामागून एक जुनी शहरे जोडत जाणारी लांब सायकलवाट आहे, तिच्यावर लोक आठवडेच्या आठवडे मुसाफिरी करतात. आपल्याकडे उल्हास नदीच्या काठी तशीच जुनी शहरे आहेत. वाट मात्र ट्रक आणि कंटेनरची आहे. त्यामुळे फज्रची नमाज झाली की लगेच निघावे लागते.

या फेऱ्याविषयी लिहायचे कारण वेगळे आहे. आठवीच्या वर्गात इतिहास शिकवताना एखादा तरी मुलगा दरवर्षी विचारतो, "सर, आपण बाहेरून आलो का?" हा प्रश्न त्याला शाळेबाहेर कुणीतरी विचारलेला असतो. त्याच्या डोळ्यांसमोर खैबर खिंड असते, घोडे असतात, तलवारी असतात. पाठ्यपुस्तकातली चित्रे तशीच असतात. कोकणातल्या मुसलमानाची गोष्ट घोड्यावरून सुरू होत नाही. ती पाण्यावरून सुरू होते, आणि तिचा बराचसा भाग या पन्नास किलोमीटरच्या आसपास पडलेला आहे.

सुरुवात नाक्यापासूनच करता येते. सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर बेने इस्रायली ज्यूंचे सिनेगॉग आहे, १८७९ सालचे, 'शाआर हाशामायिम' म्हणजे स्वर्गाचे दार. जवळच पारशांची अग्यारी आहे. थोडे पुढे मासुंदा तलावाच्या बाजूला कौपिनेश्वराचे देऊळ आणि सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्च. एवढ्या लहानशा परिसरात इतक्या धर्मांची ठिकाणे जमली ती कुणी एकात्मतेचा कार्यक्रम ठेवला म्हणून नव्हे. ठाणे बंदर होते म्हणून. शिलाहार राजांचे हे 'श्रीस्थानक', अरबांचे 'ताना'. इथे उतरणाऱ्या माणसाला माल उतरवायला धक्का लागे आणि नंतर दुआ मागायला जागा लागे.

सेंट्रल जेलची भिंत दिसते, तोही मुळात किल्लाच. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. खाडी ज्याच्या हाती त्याच्याकडे ठाणे, इतका साधा हिशेब.

मुसलमानांचा या शहराशी आलेला पहिला लेखी संबंध फारसा गोड नाही. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी लिहितो की हिजरी १५ मध्ये, म्हणजे सन ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबिल आस याने ठाण्यावर एक आरमारी तुकडी पाठवली. खलिफा हजरत उमर (रजि.) यांना हे कळले तेव्हा ते रागावले. माणसे समुद्रावर धोक्यात घालायला त्यांचा विरोध होता. ती स्वारी तिथेच संपली. पुढची जवळजवळ सात शतके इथे अरब आले ते व्यापारी म्हणून, हिंदू राजांच्या परवानगीने आणि त्यांच्या कायद्याखाली. अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांच्यातलाच एक 'हुनरमन' राजा नेमतो आणि तो त्यांचे तंटे मिटवतो, असे त्याने नोंदवले आहे. यातले कित्येक इथेच जन्मलेले, इथल्याच बायकांची मुले होती. दहाव्या शतकात!

त्याच काळातला एक पुरावा मी वर्गात नेहमी सांगतो. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. आज तो पालघर जिल्हा, २०१४ पर्यंत आपला ठाणे जिल्हाच. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे सन ९२६ चा, संस्कृतात कोरलेला. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार तेव्हा 'ताजिक' म्हणजे अरब वंशाचा एक अधिकारी पाहत होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमति' असे आहे. मोहम्मद या नावाचे ते संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने काय केले? दोन नद्यांवर फुकट तर चालू केली. एक अन्नछत्र काढले, तिथे वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी जमीन द्यायला मंजुरी दिली. राजा हिंदू, अधिकारी मुसलमान, मठ देवीचा, आणि नदी ओलांडणारा कुणीही.

हे ऐकल्यावर मुले जरा वेळ गप्प बसतात. मग एक जण विचारतो, "सर, तर म्हणजे?" होडी, पोरांनो. नदी ओलांडायची होडी.

कशेळीच्या पुलावर थांबलात तर तरीची किंमत समजते. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूने उतरून इथवर येते आणि ठाण्यापाशी तिचे दोन फाटे होतात. एक घोडबंदरवरून वसईकडे जातो, दुसरा ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदराकडे. साष्टी हे बेट झाले ते या दोन फाट्यांमुळे. गाडीत बसून हे कळत नाही, कारण पूल संपायच्या आत आपण दुसरे काहीतरी बोलायला लागतो. सायकलवर वारा तोंडावर येतो, ओहोटी असेल तर चिखलाचा वासही येतो. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल खुला होईपर्यंत डोंबिवलीकराला पलीकडे जायचे तर होडी, नाहीतर कल्याणवरून वळसा हेच पर्याय होते.

भिवंडीत शिरताना गोदामांच्या रांगा लागतात, मग मागांचा आवाज. भिवंडी म्हटले की लोकांना १९७० आणि १९८४ आठवते. पहिल्या दंगलीवर न्यायमूर्ती मादोन आयोगाचा अहवाल आहे, तो वाचलेली माणसे मात्र कमी भेटतात. या गावातला मुसलमान एकाच दिशेने आलेला नाही. जुने कोकणी मुसलमान खाडीच्या व्यापारातले, घरात कोकणी बोलणारे. मोमीन अन्सारी विणकर १८५७ नंतर उत्तरेतून हातमाग घेऊन आले. त्यांची उर्दू वेगळी, जेवण वेगळे. 'आपण बाहेरून आलो का' हा प्रश्न भिवंडीच्या एकाच गल्लीत दोन घरांत विचारला तर दोन उत्तरे मिळतील, आणि दोन्ही खरी असतील. शिवाय ज्यांचे पूर्वज इथलेच कोळी, विणकर, शेतकरी होते आणि ज्यांनी इथेच कलमा पढला, ते वेगळेच. त्यांची संख्या इतिहासात मोजली जात नाही, कारण त्यांच्या नावाने जहाज आलेले नाही.

कोनचा रस्ता खराब आहे, तो पटकन संपवावा. दुर्गाडीचा बुरूज दिसतो तिथे मात्र उतरावे. कल्याण हे ठाण्याहूनही जुने नाव. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये 'कल्लिएना' आहे, आणि सहाव्या शतकात इथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप होता. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. जहाजबांधणीसाठी रुई लेतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर कामाला होता, पुढे तो माणसांसह निघून गेला. त्याच आरमाराचा दौलतखान १६७९ मध्ये खांदेरीला मायनाक भंडारींच्या बरोबरीने इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी लढला. किल्ल्यावर देवीचे मंदिर आहे आणि ईदगाहची भिंतही. त्यावरून दशकानुदशके कोर्टकचेरी चालली आहे. सायकलच्या सीटवरून निकाल द्यायचा माझा इरादा नाही.

'कल्याणच्या सुभेदाराची सून' सगळ्यांना पाठ असते. समकालीन कागदांत ती गोष्ट मिळत नाही. खुद्द कल्याणच्या जहागीरदाराचे नाव मात्र मिळते आणि ते कुणाला माहीत नसते: मुल्ला अहमद. विजापूर दरबारातला मोठा सरदार, १६६५ मध्ये मोगलांकडे गेला. तो नवायत घराण्यातला होता, म्हणजे समुद्रावरून येऊन कोकणात रुजलेल्या अरब कुळांतला. सून सांगायची तर सासऱ्याचा पत्ताही सांगावा, इतकेच माझे म्हणणे.

काळ्या तलावाकडे जा. आता तो सुशोभित होऊन भगवा तलाव झाला आहे. तिथे काळी मशीद आहे आणि मातबरखानाची कबर. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने त्याला शहाजहानचा वजीर ठरवले, पण जदुनाथ सरकारांच्या संशोधनात तो औरंगजेबाचा अधिकारी आहे. १६८९ मध्ये कल्याण मराठ्यांकडून घेणारा, आणि तोही नवायतच. एका नवायताकडून गेलेले गाव बत्तीस वर्षांनी दुसऱ्या नवायताने परत घेतले. याला हिंदू-मुसलमान असे सरळ दोन रकाने कसे पाडायचे, ते मला आजवर जमलेले नाही.

परतीचा रस्ता लांब आणि उघडा आहे. शीळफाट्याला पाणी भरून घ्या, मुंब्र्याच्या बाह्यवळणावर कंटेनर अंगावर येतात म्हणून गावातूनच या. मुंब्र्यात पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये रेल्वे कशीबशी मावली आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला. मुख्य मार्गाने भिवंडीला बाजूला ठेवले. बंदरांचे दिवस तिथून सरत गेले.

रेतीबंदरला बसल्यावर एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. ठाण्यात एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना मारण्यात आले. तेव्हा इथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. काझीने त्यांना पैगंबरांविषयी मत विचारले आणि उत्तरासाठी जीव घेतला गेला. पुढच्या वर्षभरात आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने हे लिहून ठेवले. सुलतानाने त्या अधिकाऱ्याला नंतर शिक्षा केली असेही तो सांगतो. मुलांना मधुमतीची तर सांगायची आणि हे गाळायचे, हे मला पटत नाही. दोन्ही याच पाण्याच्या काठावर घडले. मधुमतीच्या वेळी मुसलमान इथे पाहुणे होते, १३२१ मध्ये हाकीम. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, पण मी फळ्यावर दोन्ही साले लिहितो, ९२६ आणि १३२१, आणि मधल्या जागेत काय बदलले ते मुलांना विचारतो.

कळव्याचा जुना दगडी पूल आता वाहनांना बंद आहे, नव्या पुलावरून या. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्या. कशेळीला भरती गाठलीत तर पाणी समुद्राकडून आत येताना दिसते. जहाजे त्याच पाण्यावरून येत.