एनएसएफनेट : जिथे घोषणा चालायची, जाहिरात नाही!

ॲप उघडलं की आधी जाहिरात! मला वाटायचं, इंटरनेट पहिल्यापासून असंच असेल. पण नाही. एनएसएफनेट हे अमेरिकेतल्या विद्यापीठांना जोडणारं, सरकारी पैशांवर चालणारं नेटवर्क होतं. जून १९९२ च्या त्याच्या नियमांनुसार संशोधन-शिक्षणासाठीच्या नव्या उत्पादनांची घोषणा करता यायची. जाहिरातीला मात्र साफ मनाई. माझ्या भाषेत सांगायचं तर, 'गणिताच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, ती अमुक संगणकावर चालते' हे ठीक. 'आजच घ्या, सवलत मिळवा' हे नाही. ३० एप्रिल १९९५ ला एनएसएफनेटची मुख्य सेवा बंद झाली, डेटा खासगी नेटवर्कवरून धावू लागला आणि हे बंधनही गेलं. मेसेज आला की मी अजूनही तीच कसोटी लावतो: हा माहिती देतोय, की नुसती घाई करतोय?