आजोबांची चंची आणि माझा टायटॅनियमचा चाकू

गेल्या महिन्यात मी टायटॅनियमचा घडीचा चाकू घेतला. पहिल्याच सोमवारी ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीच्या काकांनी तो ट्रेमधून उचलला. "साहेब, हे काय?" म्हटलं, "पार्सल फोडायला." त्यांनी ठेवून घेतला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हत्यार, १ नग'.

संध्याकाळी आकुर्डीला घरी येऊन आजोबांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. ते तीस वर्षं एमआयडीसीत तिन्ही पाळ्या करायचे आणि रोज चंचीतून एक पातं गेटच्या आत न्यायचे. कुणी कधी विचारलं नाही, कारण ते अडकित्त्याचं होतं.

म्हणजे बघा, खिशातल्या पात्याची आपली परंपरा हीच. खिळीवर फिरणाऱ्या दोन दांड्या, वरच्या दांडीला धार. खिळ एका टोकाला, सुपारी मधे, हात दुसऱ्या टोकाला. शाळेत शिकलो ती दुसऱ्या प्रकारची तरफ! मिटला की धार खालच्या दांडीवर टेकते, म्हणून कापडी चंचीत पान, चुना, काताशेजारी निवांत राहतो. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथले अडकित्ते एकदा बघाच. संग्रह करणारे दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. तिथे पक्ष्यांच्या, माणसांच्या आकाराचे अडकित्ते आहेत. रोज हाताळायच्या वस्तूवर कारागिराने एवढा जीव लावलाय, आणि आम्ही मोबाइलला कव्हर घालून खूश.

घडीच्या चाकूची अडचण वेगळी होती. काम करताना पातं मिटलं तर बोटं गेली. फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा स्वस्त चाकू काढला. शेतकऱ्यांचाच तो. पण पातं अडकवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये लागली. साठ-पासष्ट वर्षं लोकांनी जपून वापरला म्हणायचा! पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस रीव्हने मुठीच्या टायटॅनियम पट्टीतच चीर पाडली. पातं उघडलं की तो भाग स्प्रिंगसारखा आत सरकतो आणि पात्याच्या मागे अडतो. वेगळं कुलूपच नको. त्या चाकूचं नाव सेबेन्झा. झुलू भाषेत याचा अर्थ 'काम'.

टायटॅनियम का? पोलादाच्या साधारण ६० टक्के वजन, गंज नाही, आणि वाकवून सोडलं की परत जागेवर येतं. पण पातं मात्र पोलादाचंच असतं हं, टायटॅनियमची धार टिकत नाही. 'टायटॅनियमचा चाकू' म्हणजे खरं तर टायटॅनियमची मूठ. हे मला पैसे भरल्यावर कळलं.

मग माझा चाकू हत्यार का? शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. माझं पातं जेमतेम ३ इंच. पण १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७ (१) वेगळं आहे. सणावारात, निवडणुकीत पोलीस आयुक्त सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, चाकू, लाठ्या बाळगायलाच बंदी घालू शकतात. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, त्यामुळे असे आदेश आता इथूनच निघतात. पेपरात येतात, आपण वाचत नाही. खिशात पातं ठेवणार असाल तर वाचत जा.

दुसऱ्या दिवशी सही करून चाकू परत आणला. आजोबांनी तो चार-पाच वेळा उघडमिट केला, कुलपाचा आवाज कान देऊन ऐकला. मग चंचीतून सुपारी काढून म्हणाले, "फोड बरं."

सुपारी घरंगळत सोफ्याखाली गेली. अजून तिथेच आहे.