फळा आला, दोरी राहिली

हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवड यांच्यात अंतर फार नाही. एकीकडे संगणकाच्या कंपन्या, दुसरीकडे मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने. दोन्हीकडे एक जपानी शब्द कानावर पडतो : ‘कानबान’. कारखान्यात तो, किती माल हवा हे मागच्या विभागाला कळवणाऱ्या कार्डाचे नाव आहे. संगणक कंपनीत, कोणाकडे कोणते काम आहे हे दाखवणाऱ्या फळ्याचे. हा शब्द इकडून तिकडे कसा आला, ते सांगण्यासारखे आहे.

पुण्यात संगणकयुग एका रात्रीत अवतरले नाही. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांचे संशोधन केंद्र इथे सुरू झाले. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ महासंगणक तयार झाला. पुढे हिंजवडी उभी राहिली आणि एक नवीच अडचण दिसू लागली. उत्तम प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा काही वर्षांतच दहा जणांचा प्रमुख होतो. पण माणसे आणि मुदती कशा सांभाळायच्या, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अशा मुला-मुलींना व्यवस्थापन शिकवणाऱ्यांपैकी मी एक.

मी सुरुवात करतो ती फ्रेड ब्रुक्स यांच्यापासून. आयबीएममधल्या एका प्रचंड प्रकल्पाचा अनुभव घेऊन त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचा सिद्धांत असा, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली, तर ते आणखी रखडते. विहीर खणायला चार माणसे वाढवली तर काम लवकर उरकेल. इथे तसे होत नाही. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलाचाली वाढतात. पाच जणांत दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस!

मग उपाय काय? संगणकवाल्यांनी तो कारखान्यात शोधला. वॉट्स हम्फ्री यांनी डेमिंग, जुरान या गुणवत्तातज्ज्ञांचे विचार सॉफ्टवेअरला लावले. त्यातून १९९१ मध्ये पाच पायऱ्यांची प्रसिद्ध ‘सीएमएम’ पद्धत आली आणि भारतीय कंपन्यांनी ती उत्साहाने उचलली. शिस्त आली, तसे कागदही वाढले. ‘स्क्रम’चे मूळही असेच आहे. ताकेउची आणि नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९८६ मध्ये एक लेख लिहिला, तो कॉपी-यंत्रे, कॅमेरे आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांवर. रग्बीच्या खेळाची उपमा त्यांचीच. २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा काढला, त्याच्या आधीच ही बीजे पेरलेली होती.

आता कानबानच्या घराकडे, म्हणजे टोयोटाकडे वळू. या घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मोटारवाले नव्हेत, मागवाले. १९२४ मध्ये त्यांनी पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग, धागा तुटताच आपोआप थांबे. सोलापूर-इचलकरंजीच्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माग चालू राहिला, तर दोषी कापड विणत जाते. हेच तत्त्व पुढे मोटारींच्या कारखान्यात आले. कामाच्या रांगेवर एक दोरी असे. दोष दिसताच साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढायची. प्रमुख धावत येणार. दोष तिथेच दूर झाला नाही, तर सगळी रांग थांबणार. दोष जन्मतःच पकडला तर स्वस्त पडतो, हा त्यामागचा हिशेब.

आपण जपानकडून काय घेतले, ते पाहा. फळा घेतला, रंगीत चिठ्ठ्या घेतल्या, सकाळची उभ्या-उभ्या होणारी बैठकही घेतली. दोरी मात्र घेतली नाही. ‘ही तारीख पाळता येणार नाही’ हे पहिल्यांदा कळते ते प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला. पण तारीख वरून ठरलेली असते. ती गप्प बसते, आणि शेवटच्या महिन्यात सगळा गट रात्री जागतो. अशा जागरणांची किंमत प्रकृती आणि संसार या दोन्हींतून चुकवावी लागते.

म्हणून आपल्या कंपनीत आधुनिक व्यवस्थापन आले का, हे तपासायचे असेल, तर फळा पाहू नका. सगळ्यांत धाकट्या माणसाला ‘थांबा’ म्हणता येते का, आणि तसे म्हटल्यावर त्याच्याकडे रागावून पाहतात की मदतीला धावतात, एवढेच पाहा.